एक लाख हरणांचा आलेख

१९४३ साली आल्डो लिओपोल्ड यांनी हरणांच्या उद्रेकांवरच्या आपल्या लेखात एक आलेख छापला. आलेखात एक सलग, ठसठशीत रेघ आहे. १९०५-०६ च्या सुमारास ती चार हजार हरणांवर सुरू होते, चढत चढत १९२४ मध्ये एक लाखाच्या टोकाला पोचते आणि तिथून कोसळून १९३९ पर्यंत दहा हजारांवर येते. आकडे अॅरिझोना राज्यातल्या कैबाब पठाराचे होते, पण वाचकवर्ग तिथून दोन हजारांहून अधिक किलोमीटर दूर विस्कॉन्सिनमध्ये होता. तिथल्या शिकाऱ्यांनी आता माद्या मारायला तयार व्हावं, एवढ्यासाठी तो आलेख पुढे केला होता. लिओपोल्ड विस्कॉन्सिन विद्यापीठात वन्यजीव व्यवस्थापन शिकवत. त्याच वर्षी राज्यपालांनी त्यांना राज्याच्या संवर्धन आयोगावर नेमलं, आणि पुढची पाच वर्षं राज्यातल्या शिकाऱ्यांच्या एका मोठ्या गटाने त्यांना सुखाने बसू दिलं नाही.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा बहुतांशी गुन्ह्याचा विषय झाला, म्हणून एक गोष्ट आधी सांगायला हवी. विस्कॉन्सिनमध्ये नोव्हेंबरमधला हरणांचा हंगाम म्हणजे घराघरातला वार्षिक सोहळा. शिकारी परवाना विकत घेतो आणि त्या पैशावर वन्यजीव खात्याचा गाडा चालतो. १९३४ पासून जिल्ह्याजिल्ह्यातून निवडलेल्या प्रतिनिधींची एक परिषदही तिथे आहे. ती दरवर्षी हंगामाच्या नियमांवर मत देते आणि तेव्हा आयोग ते ऐकत असे. तेव्हा शिकाऱ्यांचा रोष म्हणजे गावाबाहेरच्या कुणा चोरट्यांची कुरकुर नव्हती. खात्याच्या पोशिंद्यांचाच तो रोष होता.

या भांडणाची कागदपत्रं मुबलक उरली आहेत. लिओपोल्ड यांचा पत्रव्यवहार, टिपणं, समित्यांचे अहवाल हे सगळं विद्यापीठाच्या अभिलेखागारात आहे. सुसान फ्लेडर यांनी त्याचा कसून अभ्यास करून १९७४ साली पुस्तक लिहिलं. विरोधकांनी तर स्वतःचं वर्तमानपत्रच काढलं होतं. एवढा पुरावा असला की इतिहास आपोआप सरळ होतो असं नाही. बऱ्याचदा तो पक्षकारांच्या शब्दांत वाहून जातो. म्हणून आधी आकड्यांचा माग काढतो आणि मग माणसांकडे वळतो.

कैबाब पठार ग्रँड कॅन्यनच्या उत्तर काठावर आहे. २८ नोव्हेंबर १९०६ रोजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी तिथे शिकारीला बंदी घातली. हरणं वाढावीत म्हणून सरकारी शिकाऱ्यांनी भक्षक टिपायला सुरुवात केली. १९०६ ते १९३१ या काळात मारलेल्या पहाडी सिंहांची नोंद ७८१ आहे, लांडग्यांची ३०. हरणं वाढली, झाडोरा ओरबाडला गेला, १९२४ साली कृषिमंत्र्यांनी जॉन बर्नहॅम यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती पाठवली आणि समितीने कळप निम्मा करा असा सल्ला दिला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात काही उत्साही मंडळींनी घंटा आणि डबे बडवत हजारो हरणं दरी ओलांडून दक्षिण काठावर हाकलून नेण्याचा घाट घातला. लेखक झेन ग्रे हजर, चित्रपटवाले हजर. हरणांनी मात्र दाद दिली नाही. हाकाऱ्यांच्या फटींतून ती मागच्या मागे निसटली आणि एकही पलीकडे गेलं नाही.

त्यानंतरचा कागद न्यायालयाचा आहे. केंद्रीय वनखात्याने आपल्या माणसांकरवी हरणं मारायला घेतली, तेव्हा अॅरिझोनाचे राज्यपाल जॉर्ज हंट यांच्या सरकारने हा राज्याच्या शिकार कायद्याचा भंग आहे असं म्हणत अटका केल्या. नोव्हेंबर १९२८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल केंद्राच्या बाजूने दिला. आपल्या मालकीच्या जमिनीचं नुकसान थांबवण्यासाठी केंद्र हरणं मारू शकतं, राज्याचा कायदा आडवा येत नाही. मात्र एक अट घातली. राखीव क्षेत्राबाहेर जाणाऱ्या प्रत्येक मृत जनावरावर ते कुठलं आहे हे सांगणारी खूण हवी. इतक्या गरम वादातही न्यायमूर्तींना हिशेबाची आठवण राहिली, हे मला विशेष वाटतं.

आता तो एक लाखाचा आकडा. १९२४ सालचे अंदाज शेजारी शेजारी ठेवले की चित्र बदलतं. ज्याच्या अखत्यारीत ते जंगल होतं त्या वनाधीक्षकाचा अंदाज तीस हजारांच्या आसपास होता. इतर पाहुण्यांचे पन्नास, साठ, सत्तर हजार, आणि सर्वांत वरचा एक लाख. यातला एकही मोजणीचा नाही, सगळेच नजरेचे. १९४१ साली डी. आय. रासमुसेन यांनी कैबाबवरच्या आपल्या प्रबंधात हे सगळे अंदाज एकाच आकृतीत मांडले आणि स्वतःला पटणारा चढउतार तुटक रेघेने दाखवला. ती रेघ एक लाखाला जाऊन टेकत होती. दोन वर्षांनी लिओपोल्ड यांच्या लेखात तीच रेघ सलग झाली आणि खालचे अंदाज आकृतीतून गळाले. पुढच्या पाठ्यपुस्तकांना तर रेघेचा उगम विचारायचं कारणच उरलं नाही.

विस्कॉन्सिनमध्ये नेमकं काय चाललं होतं? एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी उत्तर भागातली जंगलं सपाट झाली होती. तोडीनंतर आगी लागत गेल्या. पुढे आगी आटोक्यात आल्या, कोवळी झाडं माजली आणि पांढऱ्या शेपटीच्या हरणांना अन्नाचा सुकाळ झाला. १९१५ पासून कायदा होता की शिकाऱ्याने फक्त नर मारायचा, तोही एकच. कळप खालावलेला असताना तो नियम शहाणपणाचाच होता. पण पंचवीस-तीस वर्षांत त्याचं संस्कारात रूपांतर झालं. मादी मारणं म्हणजे पाप, ही शिकवण ज्या सरकारने दिली तेच सरकार आता उलट सांगणार होतं.

१९४० पासून विल्यम फीनी यांच्या हाताखालचं पथक हिवाळ्यात हरणांच्या मागावर फिरत होतं. बर्फ साचलं की ही हरणं सीडरच्या दलदली जंगलांत एकवटतात. वाऱ्यापासून आडोसा मिळतो आणि सीडरची पालवी त्यांना उत्तम मानवते. कळप फार झाला की तोंड पोचेल तिथवरची पालवी साफ होते. झाडांच्या बुंध्यांवर एकाच उंचीवर जणू रेघ मारल्यासारखं दिसतं, तिच्यावर हिरवं आणि खाली नुसत्या काड्या. मग हरणं बाल्समसारखं निकस झाड चघळतात, पोट भरतं आणि जीव जातो. पाडसं आधी जातात, कारण त्यांचं तोंड सर्वांत कमी पोचतं. लोकांनी दयेपोटी टाकलेलं वाळकं गवत पोटात घेऊनही हरणं मेलेली सापडली. १९४२ साली लिओपोल्ड यांच्या अध्यक्षतेखाली नागरिकांची एक समिती नेमली गेली. तिने हिवाळ्यात ही ठिकाणं पायी पाहिली आणि कळप कमी करा, माद्यांची शिकार खुली करा, लांडग्यांवरचं इनाम बंद करा अशा शिफारशी केल्या.

१९४३ चा हंगाम दोन तुकड्यांत झाला. नोव्हेंबरात आधी चार दिवस फाटे फुटलेल्या शिंगांचे नर, मध्ये तीन दिवस बंद, मग चार दिवस बिनशिंगी जनावरं, म्हणजे माद्या आणि पाडसं. एकूण शिकार सुमारे १ लाख २८ हजार. राज्याने एवढा आकडा पूर्वी पाहिला नव्हता. पुढच्याच वर्षी ‘सेव्ह विस्कॉन्सिन्स डिअर’ नावाचं वर्तमानपत्र निघालं आणि त्या हंगामाला ‘त्रेचाळीसचा गुन्हा’ हे नाव चिकटलं. पत्राचा सूर मवाली होता, यात शंका नाही. प्राध्यापक, तज्ज्ञ असे शब्द तिथे शिवीसारखे पडत. पण त्यातला एक आरोप वाचताना मी थबकलो. लिओपोल्ड यांनी वापरलेले आकडे निव्वळ अटकळीचे आहेत आणि तसं त्यांनी स्वतः लिहून दिलं आहे, असं पत्राचं म्हणणं होतं.

आरोप तसा खरा होता. लिओपोल्ड आपला अंदाज हा अंदाजच आहे असं लपवत नसत. रानातली हरणं तेव्हा नेमकी मोजताच येत नव्हती. मोडलेल्या फांद्या आणि मेलेली पाडसं मोजता येत, आणि त्यांचा युक्तिवाद खरं तर त्यावरच उभा होता. पण आलेखातल्या सलग रेघेला ही नम्रता दाखवता येत नाही. अंदाजपंचे दाहोदरसे म्हणून जो कारभार शिकाऱ्यांना खुपत होता, त्याचं सर्वांत देखणं उदाहरण नेमकं वैज्ञानिकाच्या लेखात छापलं होतं.

शिकाऱ्यांच्या बाजूचाही पुरावा तपासायला हवा. ते खोटं बोलत होते असं मला दिसत नाही. शिकारी रानात नोव्हेंबरमध्ये जात. तेव्हा हरणं विखुरलेली असतात, झाडीत लपतात, आणि सव्वा लाख गेल्यानंतरच्या नोव्हेंबरात तर ती नक्कीच कमी दिसणार. फीनी यांचं पथक त्याच रानात मार्चमध्ये बर्फातून फिरत होतं, जेव्हा हरणं मोजक्या दलदलींत गर्दी करून मरत होती. दोघांनी दोन वेगळ्या महिन्यांचं जंगल पाहिलं आणि दोघांनाही आपलंच खरं वाटलं. समितीतल्या नागरिकांना मार्चचं जंगल दाखवलं गेलं, ही त्या समितीची खरी कमाई होती. पण काही माणसांना नेता येतं, परवानाधारक लाखभर माणसांना नेता येत नाही.

आयोगाने लगेच माघार घेतली. १९४४ पासून पुन्हा फक्त नरांचे हंगाम. लिओपोल्ड बैठकींत माद्यांच्या हंगामाची बाजू मांडत राहिले आणि हरत राहिले. ‘थिंकिंग लाइक अ माउंटन’ हा त्यांचा पुढे गाजलेला निबंध याच वादळातला, एप्रिल १९४४ चा. लांडग्याविना डोंगर हरणांना भितो, ही कल्पना मांडणारा हा माणूस तरुणपणी नैऋत्य अमेरिकेत भक्षक संपवण्याच्या मोहिमेचा प्रचारक होता. विरोधकांनी हे हत्यार नीट वापरलं नाही याचं मला नवल वाटतं. २१ एप्रिल १९४८ रोजी शेजाऱ्याच्या शेतातली गवताची आग विझवताना त्यांचं निधन झालं. पुढच्याच वर्षी, १९४९ मध्ये, राज्याने बिनशिंगी जनावरांचा हंगाम पुन्हा उघडला. १९५० आणि १९५१ मध्येही माद्या खुल्या होत्या, आणि तिन्ही वर्षी शिकार सव्वा लाखाच्या वर गेली. कळप संपला नाही.

कैबाबच्या आलेखाची झडती १९७० साली झाली. न्यूझीलंडमध्ये नेऊन सोडलेल्या हिमालयातल्या थारांवर काम करणाऱ्या ग्रॅम कॉली यांनी मूळ अंदाजांपर्यंत मागे जाऊन दाखवलं की एक लाखाला आधार नाही. हरणं किती वाढली हेच ठरत नाही, आणि भक्षक मारल्यामुळे वाढली असंही म्हणता येत नाही, कारण त्याच काळात पठारावरची मेंढरं आणि गुरं मोठ्या प्रमाणात हटवली गेली होती. पाठ्यपुस्तकांनी लाजून आलेख काढून टाकला. पण २००६ मध्ये डॅन बिंकली आणि सहकाऱ्यांनी पठारावरच्या अॅस्पेन झाडांची वयं खोडांच्या वलयांवरून काढली. १९२० च्या दशकात उगवून जगलेली झाडं विलक्षण कमी निघाली. कोवळी रोपं कुणीतरी सातत्याने खाल्ली होती. म्हणजे लिओपोल्ड यांचं जंगलाबद्दलचं म्हणणं टिकलं, हरणांच्या संख्येबद्दलचं नाही. नेमकं दुसऱ्याच गोष्टीवर विस्कॉन्सिनच्या शिकाऱ्यांनी बोट ठेवलं होतं, आणि पहिलीकडे त्यांनी साफ दुर्लक्ष केलं होतं.

१९५३ मध्ये विस्कॉन्सिनने मारलेल्या प्रत्येक हरणाची केंद्रावर नोंद सक्तीची केली. मग खात्याचे अंदाज शिकाऱ्यांनीच आणलेल्या नरांच्या वयांवरून बांधले जाऊ लागले. संशय त्यानेही थांबला नाही. २००२ मध्ये माउंट होरेबजवळच्या हरणांत मेंदू पोखरणारा, झिजवत नेणारा आजार आढळला आणि खात्याने त्या टापूतला कळपच संपवायचं ठरवलं, तेव्हा जमीनमालकांनी आणि शिकाऱ्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हरणं किती आहेत हे तुम्हाला कसं कळलं, हाच. चार वर्षांनी खात्याने मोजणीची ती पद्धत बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासून घेतली. २०११ मध्ये राज्यपालांनी टेक्सासमधले जेम्स क्रॉल यांना हरणांचे विश्वस्त म्हणून नेमलं, आणि २०१४ पासून प्रत्येक जिल्ह्याची नागरिक-समिती आपल्या भागातला कळप वाढवायचा, ठेवायचा की घटवायचा यावर शिफारस करते.