दिव्याच्या उजेडात न दिसलेले गटार

१/ हाती दिवा घेऊन जखमी सैनिकांमधून रात्री फिरणारी परिचारिका, ही फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची सर्वपरिचित प्रतिमा. आरोग्यव्यवस्थेला वळण देणारे त्यांचे काम मात्र युद्ध संपल्यावर, कागदावरच्या आकड्यांतून उभे राहिले. त्याची ही कथा.

२/ नोव्हेंबर १८५४. क्रिमियन युद्ध पेटलेले. ३८ परिचारिकांसह नाइटिंगेल इस्तंबूलजवळच्या स्कुटारी येथील ब्रिटिश लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. तेथील डॉक्टरांना ही स्त्रियांची लुडबूड वाटली. परंतु लवकरच जखमींचा लोंढा आला आणि विरोध मावळला.

३/ त्यांनी स्वयंपाकघर सुधारले, धुलाईची सोय केली, कपडे व साहित्य मिळवले. तरीही मृत्यू वाढतच गेले. १८५५ च्या फेब्रुवारीत मृत्यूदराने कळस गाठला. इमारतीखाली गटारे तुंबलेली, हवा कोंडलेली, पाणी दूषित. जखमांपेक्षा हगवण, कॉलरा आणि ज्वर अधिक बळी घेत होते.

४/ मार्चमध्ये लंडनहून सरकारी स्वच्छता आयोग आला. डॉ. जॉन सदरलँड आणि अभियंता रॉबर्ट रॉलिन्सन यांच्या देखरेखीखाली गटारे उपसली गेली, भिंतींना चुना लावला गेला, हवा खेळती झाली. काही महिन्यांतच मृत्यूदर झपाट्याने उतरला.

५/ १८५६ मध्ये नाइटिंगेल मायदेशी परतल्या, त्या राष्ट्रनायिका म्हणून. मृत्यूंचे कारण अपुरी रसद आणि उशिरा पोहोचणारे रुग्ण, असे त्यांना आधी वाटत होते. संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्यासह नोंदी तपासताना अस्वच्छतेचा वाटा उघड झाला. आपल्याच देखरेखीखालील वास्तू रोग पसरवत होती, हे कटू सत्य त्यांनी दडपले नाही. तेच सुधारणेचे हत्यार केले.

६/ १८५८ मध्ये त्यांनी पाकळ्यांसारखी आकृती प्रसिद्ध केली. टाळता येण्याजोग्या रोगांचे मृत्यू निळ्या रंगात, जखमांचे लाल रंगात. निळा रंग लालला पार झाकोळून टाकत होता. मंत्र्यांना जाडजूड अहवाल वाचायला वेळ नसे. हे चित्र एका नजरेत कळे.

७/ पुढचे लक्ष्य भारत. १८५९ मध्ये नेमलेल्या शाही आयोगासाठी त्यांनी येथील लष्करी छावण्यांना प्रश्नावल्या धाडल्या. १८६३ च्या अहवालानुसार भारतातील ब्रिटिश सैनिकांचा वार्षिक मृत्यूदर हजारी ६९ होता. सुधारणांनंतर १८७३ पर्यंत तो १८ वर आल्याचे त्यांनी नोंदवले. भारतात त्या कधीच आल्या नाहीत. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी मात्र त्यांचा पत्रव्यवहार होता.

८/ तत्कालीन इंग्लंडमध्ये रुग्णालयातील शुश्रूषा हे हलके काम समजले जाई. १८६० मध्ये लोकवर्गणीच्या निधीतून लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांची प्रशिक्षणशाळा सुरू झाली. परिचारिकांवर अधिकार मेट्रनचा, म्हणजे स्त्रीचाच, हा तिचा कणा. घराबाहेर प्रशिक्षण, वेतन आणि अधिकार यांचा एक सन्माननीय मार्ग स्त्रियांना मिळाला. या शाळेच्या ल्यूसी ऑस्बर्न १८६८ मध्ये पाच परिचारिकांसह सिडनीला गेल्या.

९/ मर्यादाही होत्या. परिचारिकांच्या अधिकृत नोंदणीला नाइटिंगेल यांनी विरोध केला. शील आणि सेवाभाव परीक्षेने मोजता येत नाहीत, अशी त्यांची धारणा होती. ब्रिटनमध्ये नोंदणीचा कायदा झाला १९१९ मध्ये, त्यांच्या निधनानंतर ९ वर्षांनी. त्यांनी उघडलेल्या वाटेवरून पुढची पिढी त्यांच्याही पुढे निघून गेली.

१०/ दिव्याची प्रतिमा करुणेची आहे, आणि ती खोटी नाही. पण स्कुटारीचा धडा असा, की करुणा पुरेशी नसते. किती रुग्ण दगावले आणि कशाने, हे लिहून ठेवावे लागते. आणि ते आकडे आपल्याच विरोधात गेले तरी वाचावे लागतात.