हिशेब न देणाऱ्याचे नाव घटात नाही

देवालयाचा, गावाचा किंवा कोणत्याही सार्वजनिक संस्थेचा कारभार पाहण्यासाठी मंडळ नेमावयाचे म्हटले की दोन प्रश्न हटकून उभे राहतात. माणसे कोणती घ्यावीत, आणि त्यांनी जाब कोणाला द्यावा? हा विचार परकी राजवटींबरोबर आपल्याकडे आला, अशी समजूत पुष्कळांची असते. कांचीपुरमजवळील उत्तरमेरूर येथे वैकुंठपेरुमाळ देवालयाच्या भिंतीवर तिला उत्तर कोरलेले आहे.

चोळ राजा पहिला परांतक याच्या कारकीर्दीतील हे दोन शिलालेख इ. स. ९१९ आणि ९२१ मधील आहेत. ग्रामसभेने ठरविलेले नियम दोनच वर्षांत पुन्हा तपासून अधिक तपशिलाने घातले. सभासदाची वयोमर्यादा आधी ३० ते ६० होती, ती ३५ ते ७० केली.

गावाचे ३० वाडे होते. प्रत्येक वाड्यातील पात्र पुरुषांची नावे ताडपत्रांवर लिहून त्यांची वेगळी जुडी बांधीत आणि या सर्व जुड्या एका घटात टाकीत. आबालवृद्ध सभेस जमत. पुजाऱ्यांनी तर हजर राहिलेच पाहिजे, असा दंडक होता. वयोवृद्ध पुजारी घट उचलून सर्वांस दिसेल असा धरी. आत काय आहे हे न जाणणारे एक पोर त्यातून जुडी काढी. तिची पाने दुसऱ्या रिकाम्या घटात घोळवून पुन्हा तेच पोर एक पान उचली. मध्यस्थ ते पाचही बोटे पसरून उघड्या तळहातावर घेई व वाचून दाखवी. मागोमाग पुजारीही तेच नाव वाचीत. हातचलाखीस वाव राहू नये म्हणून केवढी ही दक्षता!

अशा रीतीने प्रत्येक वाड्याचा एक, असे ३० जण निघत. त्यांपैकी बाग व तळे यांच्या समित्यांवर पूर्वी काम केलेले, वयाने व विद्येने थोर असे १२ जण वार्षिक समितीवर जात. उरलेल्यांतून १२ बागेच्या आणि ६ तळ्याच्या समितीवर. मुदत ३६० दिवसांची. मागील तीन वर्षांत समितीवर असलेल्याचे नाव घटात पडत नसे. मुदतीच्या आत कोणी अपराधी ठरला तर त्यास तत्काळ दूर करीत.

आम्हांस सर्वांत मोलाचे वाटते ते हिशेबाचे कलम. समितीवर राहून ज्याने हिशेब दिला नाही तो अपात्र ठरेच. शिवाय त्याचा बाप, मुलगा, भाऊ, सासरा, जावई, मेहुणा, भाचा, मावसभाऊ, आतेभाऊ, मामेभाऊ हेही अपात्र ठरत. आपण पायउतार होऊन घरच्याच माणसास पुढे करण्याची वाट त्यामुळे बंद झाली. निर्दोष नातलगावर यात अन्याय होई, हे खरे. परंतु त्यामुळे हिशेब मांडण्याचा तगादा सभेबरोबर घरातूनही लागत असला पाहिजे.

या व्यवस्थेची मर्यादाही सांगितली पाहिजे. उत्तरमेरूर हे ब्राह्मणांचे अग्रहार होते. करपात्र जमीन, स्वतःच्या जागेत घर आणि वेदविद्या असल्यावाचून घटात नाव पडत नसे. स्त्रियांस, शेतात राबणाऱ्यांस, कारागिरांस त्यात स्थान नव्हते. तिला आजच्या अर्थाने लोकशाही म्हणणे अतिशयोक्ती होईल. वाड्यांचा समतोल होता, समाजाचा नव्हता.

तरीही सत्तेचा मोह सज्जनासही होतो, हे त्या सभेने गृहीत धरले होते आणि नियम देवालयाच्या भिंतीवर सर्वांसमोर ठेविले होते. गोमंतकातील देवस्थानांत महाजन आज समिती निवडतात ती मते देऊन. रीत निराळी असली तरी त्या भिंतीवरचा प्रश्न आपल्यालाही लागू आहे. नवी समिती निवडण्याच्या दिवशी, मागील समितीचा हिशेब सर्वांसमोर वाचला गेला काय, एवढे प्रत्येक महाजनाने विचारावे, अशी आमची विनंती आहे.