बेदाण्यांच्या पिंपाचं झाकण

शाळेत असताना मी चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसलो होतो. बसलो, एवढंच खरं. वस्तुचित्राच्या पेपरला समोर एक बादली, एक तांब्या आणि दोन कांदे मांडले होते. माझ्या कागदावरची बादली इतकी कललेली निघाली, की पाणी सांडून कांदे वाहून जातील अशी धास्ती परीक्षकांना वाटली असावी. त्यांनी मला नापास केलं.

तेव्हापासून निर्जीव वस्तू हुबेहूब काढणाऱ्या माणसांना मी लांबूनच नमस्कार करतो. सतराव्या शतकातल्या हॉलंडात तर अशा माणसांचं पीकच आलं होतं. अर्धं सोललेलं लिंबू, कापलेला पाव, काचेचा पेला असली स्थिरचित्रं काढावीत आणि व्यापारात कमावलेल्या मंडळींनी ती भिंतीवर टांगावीत, असा तो काळ. त्या गर्दीतला माझा आवडता चित्रकार म्हणजे योहानेस टोरेंटियस. खात्रीनं त्याचंच म्हणता येईल असं चित्र जगात एकच उरलं आहे. लक्षात ठेवायला सोपं पडतं.

याचा जन्म १५८९ सालचा, ॲमस्टरडॅमचा. मूळ आडनाव व्हान डेर बेक. बेक म्हणजे ओढा. त्याचं लॅटिन करताना गृहस्थानं ओढ्याचा लोंढा करून टाकला आणि पुढं आयुष्यभर त्या आडनावाला जागला!

ते एकुलतं एक चित्र १६१४ सालचं. तेव्हा हा जेमतेम पंचविशीचा. गोल फळी, अर्ध्या मीटरच्या आसपास रुंद. काळोखातून वर येणारी दारूची सुरई, पाण्याचा मातीचा कुंजा, मध्ये काचेचा पेला, तंबाखू ओढायच्या दोन चिलमी आणि वर टांगलेला घोड्याचा लगाम. खाली स्वरलिपीचा कागद, त्यावर डच ओळी. आशय असा, की माप सोडलं की नाश ठरलेला. म्हणजे दारूत पाणी घाला आणि मनाला लगाम घाला. आमच्या वडिलांनी हे चित्र पाहिलं असतं तर माझ्या अभ्यासाच्या टेबलासमोरच लावलं असतं.

पण चित्रकाराची स्वतःची वागणूक पाहाल तर लगाम खुंटीला आणि घोडा रानात! गुत्त्यात बसून धर्मावर वाटेल ते बोलायचं. बायकोशी बिनसलं तर पोटगी थकवून तुरुंगाची हवा खायची. कॉन्स्टन्टाइन हायगेन्ससारख्या जाणकारानं लिहून ठेवलंय, की निर्जीव वस्तू काढण्यात हा जादूगार, पण माणसं काढू लागला की अगदीच टाकाऊ. माणसांशी याचं कुठंच जमलं नाही म्हणायचं.

१६२७ साली हार्लेममध्ये त्याला पकडलं. आरोप ईश्वरनिंदेचा, अनाचाराचा. शिवाय गुलाबक्रूसवाले म्हणून जी गुप्त मंडळी होती, त्यांच्यातला असल्याचा संशय. यातना दिल्या, हाडं खिळखिळी केली, पण यानं गुन्हा कबूल केला नाही. सरकारपक्षाची मागणी जिवंत जाळण्याची होती. १६२८ साली शिक्षा झाली वीस वर्षांची. वीस वर्षं! बँकेत एवढ्या काळात निदान एक बढती तरी मिळते.

इथं मला थोडं थांबावंसं वाटतं. माप सोडू नये, हे रंगवणारा माणूस स्वतः माप सोडून वागला, हे मान्य. पण गुत्त्यातल्या बडबडीवर माणसाची हाडं मोडणाऱ्यांनी कुठलं माप वापरलं? तो लगाम त्यांच्यासाठीही टांगलेला होता. त्यांनी तो पाहिला नाही.

सुटका केली ती इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्स राजानं. १६३० साली त्यानं शब्द टाकला आणि चित्रकार इंग्लंडला गेला. १६४२ साली तो ॲमस्टरडॅमला परतला आणि १६४४ साली वारला. राजाचं डोकं १६४९ साली उडवलं गेलं, त्याचा चित्रसंग्रह विकला गेला आणि आपलं गोल चित्र कुठंतरी गडप झालं.

ते सापडलं १९१३ साली, हॉलंडातल्या एन्स्खेडे गावात. कशावर, तर बेदाण्यांच्या पिंपावर, झाकण म्हणून! मागच्या बाजूला चार्ल्स राजाच्या संग्रहाची खूण होती. आज ते ॲमस्टरडॅमच्या रिक्सम्यूझियममध्ये आहे.

मी ही हकिगत सौभाग्यवतींना रंगवून सांगितली. धर्म, राजा, तुरुंग, सगळं आलं. ती शांतपणे म्हणाली, “गोल होतं म्हणून वाचलं. चौकोनी असतं तर चुलीत गेलं असतं.”

यावर मी काय बोलणार? माझं सरावाचं एक बादलीचं चित्र आईनं लोणच्याच्या बरणीखाली अंथरलं होतं. बरणीच्या बुडाचं तेल त्यात मुरून एक सुरेख वर्तुळ उमटलं होतं. त्या अख्ख्या कागदावर नीट आलेली आकृती तेवढी एकच.