ज्याला 'नाही' म्हणता येत नाही असं गिऱ्हाईक

घर विकायला काढलं की पहिलं गिऱ्हाईक हटकून कमी भाव सांगतं. ही रीतच आहे. आपण बेचाळीस म्हणावं, त्याने चौतीस म्हणावं, आपण जरा दुखावल्यासारखं करावं, त्याने भिंतीवरची ओल दाखवावी, मग चहा यावा. नागपूरचं आमचं जुनं घर विकताना हे सगळं यथासांग पार पडलं. बेचाळीस लाखांपासून सुरुवात झाली आणि तीन आठवड्यांनी एकोणचाळीसवर बयाणा झाला. मधे एकदा मी सरळ "मग राहू द्या" म्हणून मोकळा झालो होतो. चार दिवसांनी त्याच माणसाचा फोन आला, तेव्हा कळलं की त्याला घर खरंच हवंय. पुढचं सगळं त्या चार दिवसांच्या जोरावर झालं.

सौदा पार पडल्यावर मी उगाच हिशोब मांडत बसलो की कमी भाव सांगणाऱ्या माणसाशी आपण बोलणी करू शकतो, ती कशाच्या बळावर? मला तीन गोष्टी सापडल्या. एक, 'नाही' म्हणायची मुभा. दोन, दुसरं गिऱ्हाईक येण्याची आशा. तीन, थांबायची ताकद, म्हणजे वेळ. या तीन असल्या की समोरच्याचा आकडा हा नुसता आकडा असतो. त्याचा अपमान वाटून घ्यायचं कारण नाही. त्याला कारण विचारायचं, रक्कम हलत नसेल तर ताब्याची तारीख हलवायची, पंखे-कपाटं सोडायची आणि मनातला शेवटचा आकडा मनातच ठेवायचा. आणि या तीनही काढून घेतल्या तर? मग जे उरतं त्याला सौदा म्हणायचं का?

हे सुचण्याचं कारण म्हणजे आमचे मामा. आमच्याकडे लग्नकार्याला चार माणसं जमली की कुणीतरी म्हणतंच, "मामाने पहिल्याच भावाला हो म्हटलं. थोडं ताणलं असतं तर दुप्पट आले असते." मामा हयात होते तेव्हा त्यांच्यासमोरही बोलत असत. ते ऐकून घेत आणि सुपारी कातरत बसत. आजचा लेख त्या एका वाक्याबद्दल आहे. नातेवाईक मंडळींनी जरा निवांत वाचावा ही विनंती.

मामांचं गाव वैनगंगेच्या काठावर, पवनी तालुक्यात. आता पाण्याखाली आहे. गोसीखुर्दच्या धरणाची, म्हणजे कागदोपत्री इंदिरासागरची, पायाभरणी 22 एप्रिल 1988 रोजी पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते झाली. तेहतीस दरवाजांचं धरण. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर जिल्ह्यांतली अडीच लाख हेक्टरहून अधिक जमीन भिजवायची ही योजना, पुढे राष्ट्रीय प्रकल्प झाली. धरणाची गरज नव्हती असं मला म्हणायचं नाही. धान पिकवणाऱ्या मुलखाला पाणी लागतंच. प्रश्न एवढाच की त्या पाण्यासाठी ज्यांचं घर घेतलं, त्यांच्याशी भावाची बोलणी झाली कशी?

बोलणी 1894 च्या भूसंपादन कायद्यानं झाली. आधी कलम 4 ची अधिसूचना, मग कलम 6 ची घोषणा, मग कलम 9 ची नोटीस. या नोटिशीत विचारलेलं असतं की या मालमत्तेत तुमचा हितसंबंध काय आणि तुमची मोबदल्याची मागणी किती. म्हणजे 'तुमचा भाव सांगा' असं म्हणणारं एकच ठिकाण अख्ख्या कायद्यात आहे, ते हे. नव्वदच्या दशकात मामांना ही नोटीस आली आणि त्यांनी ती जागा कोरी ठेवली. का, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, "मले घर इकाचंच नव्हतं भाऊ, त भाव कायचा सांगू?"

तेव्हा मला ते त्यांचं भोळेपण वाटलं. नंतर कायदा वाचला.

हा कायदा असा आला कुठून, तेही पाहण्यासारखं आहे. कंपनी सरकारच्या 1857 च्या भूसंपादन कायद्यात मालकाशी बोलून रक्कम ठरवायची आणि जमलं नाही तर पंच नेमायचे, अशी सोय होती. पंच भलत्याच रकमा देतात अशी सरकारची तक्रार झाली. 1870 च्या कायद्यानं पंच गेले आणि त्यांच्या जागी दिवाणी न्यायालय आलं. एकमत झालं नाही तर कलेक्टरने प्रकरण न्यायालयाकडे पाठवायचं. 1894 ला हेही उलटं झालं. आता कलेक्टरने स्वतःच निवाडा द्यायचा आणि ज्याला तो पटणार नाही त्याने मुदतीत अर्ज करून न्यायालय गाठायचं. बोलणी, मग पंच, मग न्यायालय, मग निवाडा. प्रत्येक पायरीवर विकणाऱ्याचा आवाज थोडा थोडा कमी होत गेला.

शिवाय जुन्या कलम 25 मध्ये एक मेख होती. नोटिशीला उत्तर देताना तुम्ही जो आकडा सांगाल, त्याच्यावर एक पैसाही न्यायालय देऊ शकत नसे. आणि विनाकारण आकडाच सांगितला नाही, तर कलेक्टरने दिलेल्याच्या वर काही मिळत नसे. 1984 च्या दुरुस्तीनं ही मेख निघाली आणि कलेक्टरच्या निवाड्यापेक्षा कमी द्यायचं नाही, एवढंच उरलं. त्याच दुरुस्तीत दोन्हीकडच्या संमतीनं निवाडा करण्याची एक लहानशी खिडकीही ठेवली गेली. पण त्यात सगळ्या हितसंबंधितांची लेखी संमती लागे.

आता कलम 24 बघा. मोबदला ठरवताना काय काय विचारात घ्यायचं नाही, याची ती यादी आहे. पहिली गोष्ट, संपादनाची निकड. दुसरी, मालमत्ता देण्याबद्दल मालकाची नाखुषी. मी हे कलम दोनदा वाचलं. घेणाऱ्याला किती गरज आहे आणि देणाऱ्याला किती जड जातंय, या दोनच गोष्टींवर तर जगातला प्रत्येक सौदा चालतो! माझं नागपूरचं घर एकोणचाळीसला गेलं ते समोरच्याची निकड मला कळली म्हणून. मामांच्या बाबतीत नेमक्या याच दोन गोष्टी कायद्यानं तराजूतून उचलून बाजूला ठेवल्या होत्या. कोऱ्या जागेत त्यांनी 'मला विकायचं नाही' असं लिहिलं असतं, तरी त्याला कायद्याच्या लेखी शून्य किंमत होती.

मग उरला बाजारभाव. तोही अधिसूचनेच्या तारखेचा. त्यावर 30 टक्के दिलासा रक्कम आणि अधिसूचनेपासून निवाडा किंवा ताबा, जे आधी होईल तोपर्यंत वर्षाला 12 टक्के. ही भर 1984 ची आणि ती नोंदवायलाच हवी. पण मूळ बाजारभाव काढायचा कसा? आसपासच्या खरेदीखतांवरून. आपल्याकडे खेड्यात गावठाणातलं घर पिढ्यान्‌पिढ्या विकलं जात नाही, भावाभावांत वाटलं जातं. जी थोडी खरेदीखतं होतात, त्यांत मुद्रांक शुल्क वाचवायला किंमत कमी दाखवण्याची सवय. आणि 1988 नंतर बुडीत गावात घर घ्यायला येणार कोण? पाणी चढायच्या कितीतरी आधी त्या गावांतला बाजार बुडाला होता. 'दुसरं गिऱ्हाईक' ही माझ्या यादीतली दुसरी गोष्टही गेली.

घराच्या बांधकामाचं मूल्यांकन वेगळं होतं. क्षेत्रफळ, साहित्य, वय. वय जितकं जास्त तितका घसारा जास्त. मामांचं घर मातीच्या भिंतींचं, कवेलूचं, सागवानी खांबांचं. आजोबांच्या वडिलांनी बांधलेलं म्हणून आम्हाला त्याचं कौतुक, आणि नेमक्या त्याच कारणानं कागदावर ते जवळजवळ फुकट. त्यात अधिसूचनेनंतर कलेक्टरच्या परवानगीशिवाय केलेली सुधारणा मोबदल्यात धरायची नाही, हेही कलम 24 मध्येच. म्हणून माणसं कवेलू फेरायचं सोडून देत. पावसाळ्यात गळणाऱ्या घरात वर्षानुवर्षं राहून 'निवाडा कधी' याची वाट पाहणं, म्हणजे माझ्या यादीतली तिसरी गोष्ट, वेळ, हीसुद्धा विकणाऱ्याच्या विरुद्ध गेलेली.

एक हत्यार मात्र कायद्यानं ठेवलं होतं. पैसे घेताना हरकत नोंदवायची. हरकत नोंदवून पैसे उचलले तर कलम 18 खाली न्यायालयात वाढीव मोबदला मागता येई. न नोंदवता उचलले तर तो रस्ता बंद. त्यातही मुदत आठवड्यांत मोजलेली. पुन्हा 1984 नंतर कलम 28-अ आलं. त्याच अधिसूचनेतल्या एखाद्या शेजाऱ्याला न्यायालयानं वाढ दिली, तर न गेलेल्यांनाही निकालापासून तीन महिन्यांत तीच वाढ मागता येऊ लागली. मामांनी ना हरकत लिहिली, ना पुढे अर्ज केला. त्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. नोटीस वाचता येणं आणि कायदा वाचता येणं यात फार अंतर आहे.

तर 'थोडं ताणलं असतं' म्हणणाऱ्यांना माझं सांगणं असं की ताणायला हातात दोरीच नव्हती. होता तो एक शब्द, आणि तो कुठे लिहायचा हे माहीत असायला वकील लागत होता.

इथे आणखी एक आकडा सांगतो. गोसीखुर्दचा मूळ अंदाजित खर्च सुमारे 372 कोटी रुपये होता. पुढे सुधारित होत होत तो 18 हजार कोटींच्या वर गेला. जवळजवळ पन्नासपट. त्यात महागाई आहे, वाढलेली कामं आहेत, पुनर्वसनाचा खर्चही आहे, हे मान्य. तरीही पाहा, एकाच धरणात सिमेंटचा, लोखंडाचा, कंत्राटाचा भाव वर्षागणिक नव्यानं मांडता आला आणि घराचा भाव तेवढा एका तारखेला खिळा ठोकून अडकवला गेला.

घासाघीस झालीच नाही असं नाही. ती एकेकट्याने झाली नाही, सगळ्यांनी मिळून झाली. या महाराष्ट्रात तिचा इतिहास जुना आहे. 1921 साली मुळशीत टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांनी सत्याग्रह केला. तिथे जमिनीची मालकी असलेल्या अनेक सावकारांनी मोबदल्यावर तडजोड केली आणि कसणारे मावळे उघड्यावर पडले. ज्याला 'किती' विचारायचं होतं तो आणि ज्याला 'नाही' म्हणायचं होतं तो, असे दोन वेगळे झाले की दुसरा हरतो. गोसीखुर्दच्या लोकांनी विलास भोंगाडे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांबरोबर वर्षानुवर्षं मोर्चे काढले, पाण्यात उभे राहिले. अखेर 2013 मध्ये राज्य सरकारनं सुमारे 1200 कोटींचं विशेष पॅकेज दिलं. निवाडे होऊन गेल्यावर, कायद्यात नसलेली ही रक्कम आली कुठून? ताणल्यामुळेच आली. फक्त ते ताणणं एका घराच्या ओसरीवर बसून होण्यासारखं नव्हतं.

1 जानेवारी 2014 पासून जुना कायदा गेला. नव्या कायद्यात दिलासा रक्कम 100 टक्के आहे आणि ग्रामीण भागात बाजारभावाला गुणकही लागतो. 2015 पासून राज्यात प्रकल्पांसाठी खासगी वाटाघाटीने थेट खरेदीचीही पद्धत आली. संमती दिली तर मोबदल्यावर 25 टक्के जास्त. म्हणजे सव्वाशे वर्षांनी सरकारनं पुन्हा मालकासमोर बसून बोलायला सुरुवात केली म्हणायची. अजूनही 'नाही' म्हटलं तर मागे सक्तीचं संपादन उभं असतंच, पण संमतीला निदान किंमत लागली. ज्यांच्याकडे अशी नोटीस आज येते त्यांनी दोन गोष्टी कराव्यात. आसपासची खरी खरेदीखतं आधीच गोळा करावीत. आणि पैसे घेताना हरकत लेखी नोंदवावी, समोरचा माणूस कितीही गोड बोलला तरी.

मामांचे कागद मावशीकडे होते, ते मागच्या दिवाळीत पाहिले. खरेदीखतात 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार' असे दोघे असतात. मामांच्या कागदात कुठेही 'लिहून देणार' नाही. त्यांच्या नावापुढे लिहिलंय 'हितसंबंधित व्यक्ती'. तेव्हा यापुढे कुणी मामाने घर स्वस्तात विकलं म्हणू नये. त्यांनी ते विकलंच नव्हतं.