‘शुक्रतारा’ आणि भावगीताचें वळण

वेंगुर्ल्याचें नांव इतिहासाच्या पुस्तकांत बहुधा डचांच्या वखारीमुळें येतें. मराठी संगीताच्या इतिहासांत तें यावें, ह्याचें कारण निराळें आहे. १० मार्च १९२९ रोजीं ह्या बंदरांत मंगेश पाडगांवकरांचा जन्म झाला, आणि त्यांच्या शब्दांवर १९६२ सालीं मुंबई आकाशवाणीनें ‘शुक्रतारा, मंद वारा’ हें युगुलगीत श्रोत्यांपुढें आणलें.

भावगीत तेव्हां नवें नव्हतें. ना. घ. देशपांड्यांची कविता जी. एन. जोशांनीं ध्वनिमुद्रिकेंतून घरोघरीं पोंचविली, त्यास तीन दशकें होत आलीं होतीं. गजानन वाटव्यांनीं तर तें सभागृहांत रुजविलें. पण १९५२ नंतर बाळकृष्ण केसकर मंत्री असतांना आकाशवाणीनें चित्रपटगीतांना अंतर दिलें आणि केंद्रोकेंद्रीं सुगम संगीताचे विभाग उघडले. त्या धोरणामुळें पुष्कळ श्रोते सिलोनकडे वळले, हें खरें. परंतु कवि व संगीतकार ह्यांना त्यामुळें एक घर मिळालें, हेंही तितकेंच खरें.

‘शुक्रतारा’चे संगीतकार श्रीनिवास खळे. जन्म मुंबईचा, पण वाढले बडोद्यास. गायक अरुण दाते इंदूरचे. कुमार गंधर्व व के. महावीर ह्यांच्याकडे शिकलेले आणि व्यवसायानें कापडधंद्यांतील अभियंते. हिंदी वातावरणांत वाढल्यामुळें आपले मराठी उच्चार ह्या गाण्यास शोभतील काय, ह्या शंकेनें ते प्रथम गावयास राजी नव्हते. त्यांच्या जोडीस सुधा मल्होत्रा, म्हणजे हिंदी चित्रपटसृष्टींतील गायिका. महाराष्ट्रानें अत्यंत आपलें मानलेलें हें गीत अशा रीतीनें बव्हंशीं महाराष्ट्राबाहेर घडलेल्या कंठांतून व कानांतून आलें. दात्यांची शंका मात्र फुकट गेली नाहीं. शब्द जपून, जरासा निरखून उच्चारण्याची जी संवय त्यांच्या गाण्यांत दिसते, तिचें मूळ कदाचित् त्या धास्तींतच असावें.

चालीची लय संथ आहे. तानांचें प्रदर्शन नाहीं. स्वर अर्थापाशीं थांबतात आणि पुढें सरकतात. खळ्यांच्या चाली ऐकावयास सोप्या व गळ्यास अवघड, हा अनुभव गाणाऱ्या प्रत्येकास येतो. गीताची रचना संवादाची असून, पुरुषाचें आर्जव स्त्रीच्या मुखीं येतांना ध्रुवपदांतील एका शब्दाचें केवळ लिंग बदलतें. खळ्यांनीं तेथें नवी चाल न घालतां तोच स्वर ठेविला, म्हणून दोघांचें मन एक झाल्याचें कळतें. ह्या कवितेंत वेंगुर्ल्याचा समुद्र शोधणारे रसिक आहेत. तो हट्ट कशाला? तारा, वारा व पाण्यावरील चांदणें कोणत्याही गांवचें असूं शकतें.

खळे २०११ सालीं, पाडगांवकर २०१५ सालीं व दाते २०१८ सालीं निवर्तले. दात्यांनीं नोकरी सोडून गाण्यास वाहून घेतलें, तेव्हां आपल्या कार्यक्रमास नांव दिलें तें ‘शुक्रतारा’ हेंच.