खुडूक न होणारा पक्षी : जपानी लाव्याची आणि उबवणी पेटीची कहाणी



जुन्नर-आंबेगावकडं कोंबडी खुडूक झाली की घरची बाई पाटीत भुसकट घालून तिच्याखाली अंडी बसवते. पुढचे २१ दिवस सारं कोंबडीच बघते. जपानी लाव्याची मादी मात्र अंडं घालते आणि उठून चालू लागते. ती सहसा खुडूक होतच नाही. म्हणून तिच्या अंड्यांना पेटी लागते. हे असं का झालं, ते एकदा कळलं की पेटीचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

आधी एक खुलासा. आपल्या बाजरीच्या शेतातून, गवताळ माळावरून भुर्रकन उडतो तो रानातला लावा वेगळा. त्याची मादी जमिनीवर खोलगट जागी अंडी घालते आणि स्वतः उबवते. ती अंडी उचलू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ते पाप तर आहेच, गुन्हाही आहे.

पाळीव जपानी लाव्याची कथा निराळी. जपानात हा पक्षी कित्येक शतकं पिंजऱ्यात ठेवत, तो आवाजासाठी. अंड्यांसाठी निवड सुरू झाली १९१० च्या सुमारास. जी मादी जास्त अंडी देते तिचीच पिल्लं वाढवायची, असा क्रम चालला. आता अंड्यावर बसलेली मादी अंडी घालायची थांबते. त्यामुळे बसणाऱ्या माद्या मागं पडल्या, न बसणाऱ्यांचा वंश वाढला. माणसानं जास्त अंडी घेतली आणि उबवण्याचं काम आपल्या अंगावर घेतलं.

दुसऱ्या महायुद्धात तिथं ही जात जवळजवळ बुडाली. उरल्यासुरल्या पक्ष्यांतून ती पुन्हा उभी करावी लागली. पुढं अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या विद्यापीठात यावर बराच अभ्यास झाला. सख्ख्या भावंडांचे जोड लावत गेलं की पिढीगणिक अंडी कमी फळतात, पिल्लं कमी निघतात, असं दिसून आलं. आपल्या देशात हे पक्षी १९७४ साली कॅलिफोर्नियातूनच आले, उत्तर प्रदेशात बरेलीजवळ इज्जतनगरला. तिथं १९७९ साली केंद्रीय पक्षी संशोधन संस्था स्थापन झाली आणि तिनं हा पक्षी देशभर पोचवला. २०११ साली केंद्राच्या पर्यावरण खात्यानं नव्या परवान्यांना मनाई केली होती, ती २०१३ च्या अखेरीस उठली. तरी पक्षी किंवा अंडी घेताना पावती घ्या, आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा.

आता पेटीकडं वळू. मिसर देशात हजारो वर्षांपूर्वी मातीच्या भट्ट्यांत अंडी उबवत. थर्मामीटर नव्हता. कारागीर अंडं पापणीला लावून ऊब ओळखत. ही विद्या बापाकडून मुलाकडं जाई. १८८१ साली इंग्लंडात हिअरसन यानं पत्र्याची एक चपटी डबी बसवली. आत ईथर भरलेलं. ऊब वाढली की डबी फुगे आणि दिव्याची आच आपोआप कमी होई. आपल्या साध्या पेटीतला थर्मोस्टॅट हेच काम करतो. अंडं तेच आहे, त्याला लागणारी ऊब तीच आहे. ती राखण्याची रीत तेवढी बदलली.

म्हणून ध्यानात ठेवा :

१. पेटीत पंखा असेल तर ऊब ९९.५ अंश फॅरनहाइट ठेवा. पंखा नसेल तर अंड्याच्या वरच्या अंगाला १०१ ते १०२ अंश. वरची हवा गरम आणि खालची गार असते, म्हणून थर्मामीटर अंड्याच्या उंचीलाच ठेवा.

२. अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नकोत. तडकलेली काढून टाका.

३. कोंबडी चोचीनं अंडी फिरवते, ते काम आता तुमचं. १४ दिवस रोज किमान तीनदा हलक्या हातानं फिरवा. पुढं हात लावू नका.

४. पेटीत पाण्याची ताटली ठेवा. शेवटच्या तीन दिवसांत ओल वाढवा, पेटी उघडू नका. १७ ते १८ दिवसांत पिल्लं निघतात.

५. वीज गेली तर पेटी उघडून बघत बसू नका. वरून घोंगडी टाका, हवेची भोकं मोकळी ठेवा. थंडीत पेटी पडवीत नको, माजघरात ठेवा.

६. नर दर काही पिढ्यांनी दुसऱ्या ठिकाणाहून आणा. घरच्या घरात जोड लावून वंश खचतो.

पिल्लू निघतं तेव्हा जेमतेम सात-आठ ग्रॅमचं असतं. पाण्याच्या उथळ ताटलीतही बुडून मरतं, म्हणून ताटलीत खडे किंवा गोट्या घाला. पहिला आठवडा ९५ अंशांच्या आसपास ऊब द्या. उंदीर, मांजर, मुंगूस यांच्यापासून जपा.

पहिल्या खेपेला २०-२५ अंडीच लावा. किती लावली, किती फळली, किती निघाली, हे वहीत लिहा. तो हिशेब जमला की मग मोठ्या पेटीचा विचार करा. या पक्ष्याची आई आता तुम्हीच आहात, आणि आईला १८ दिवस रजा नसते.