कर्ण्याचे लाकूड

नंदुरबार जिल्ह्याच्या अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांत एकाच गावाचे पाडे डोंगराच्या निरनिराळ्या सोंडांवर विखुरलेले असतात, आणि लांबवर आवाज पोहोचवण्याची गरज या भागाला वीज येण्यापूर्वीपासूनच होती. होळीचे मोठे ढोल सर्वांच्या परिचयाचे आहेत. परंतु ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने कोकणा समाजाची पावरी अधिक लक्षणीय ठरते, कारण भोपळा आणि नळ्या यांच्यापुढे तिला शिंगाप्रमाणे रुंदावत जाणारे तोंड जोडलेले असते व फुंकरीचा आवाज त्यातून बळ घेऊन बाहेर पडतो. विसाव्या शतकात सभांना आणि जत्रांना आलेला विजेवरचा कर्णा, ज्याला बोलण्यात सरसकट भोंगा म्हणतात, तो याच तत्त्वावर उभा होता.

कर्णा वीज वाढवत नाही. मिळालेली वीज तो वाया जाऊ देत नाही. उघड्या स्पीकरचा पडदा समोरच्या हवेला पुरेसा जोर लावू शकत नाही, त्यामुळे त्याला दिलेल्या विजेपैकी साधारणतः एक-दोन टक्केच आवाजात उतरते आणि बाकीची उष्णता होऊन जाते. कर्ण्यात मात्र पडदा अरुंद गळ्यातील कोंडलेल्या हवेवर काम करतो आणि तो दाब हळूहळू रुंदावत जाणाऱ्या मार्गाने मोकळ्या हवेत उतरतो, म्हणून हेच प्रमाण वीस-तीस टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. गळ्याशी बसवलेल्या, चुंबक व पडदा असलेल्या भागाला साउंडवाले ‘युनिट’ म्हणतात. अडचण एवढीच, की खर्जातील स्वरांना कर्णा प्रचंड लागतो. 100 हर्ट्झच्या स्वराची लहर सुमारे 3.4 मीटर लांब असते आणि कर्ण्याच्या तोंडाचा परीघ जवळपास तेवढा असावा लागतो. म्हणजे तोंडाचा व्यास एक मीटरहून अधिक झाला. एवढा कर्णा पत्र्यात घडवणे जड जाते, म्हणून तो लाकडी पेटीत, फळ्यांना बाक देऊन बांधला जाऊ लागला.

1926 च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळांत वेंट आणि थुरास यांनी घडवलेल्या युनिटमुळे अवघ्या काही वॉटच्या ॲम्प्लिफायरवर मोठे प्रेक्षागृह भरू लागले आणि बोलपट शक्य झाला. 14 मार्च 1931 रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला, पुढच्याच वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला, आणि बोलपट शहरातून फिरत्या तंबूंमार्फत जत्रांपर्यंत गेला. शहादा तालुक्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास भरणारी, घोड्यांच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेली एकमुखी दत्ताची यात्रा ज्या प्रकारची, त्या प्रकारच्या यात्रांवरच तमाशाच्या फडांचे आणि तंबूतल्या चित्रपटांचे पोट असे. तंबूबाहेर बांबूला बांधलेला पत्र्याचा भोंगा गाणी वाजवून गर्दी खेचत असे, तर पडद्यामागची लाकडी पेटी संवाद ऐकवत असे. राजकीय सभांचा इतिहासही याच सुमाराचा आहे. मोटवाने कुटुंबाची शिकागो रेडिओ ही कंपनी त्या दशकात काँग्रेसच्या सभांना ध्वनिक्षेपक पुरवत होती. काँग्रेसची डिसेंबर 1936 आणि फेब्रुवारी 1938 ची अधिवेशने अनुक्रमे फैजपूर आणि हरिपुरा या खेड्यांत भरली, आणि आजचा नंदुरबार जिल्हा या दोन खेड्यांच्या मध्ये येतो.

ट्रान्झिस्टरमुळे वॉट स्वस्त झाले आणि लाकडी कर्ण्याची गरज संपली. पुढे सन 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकांवर निर्बंध घातले. अडगळीत पडलेल्या जुन्या पेट्या आज ज्यांच्या हाती येतात, त्यांच्यापुढे प्रश्न दुरुस्तीचा असतो, आणि या जिल्ह्यात तो हवामानाशी घट्ट बांधलेला आहे. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो, पावसाळ्यात नवापूर-अक्राणीकडे झड लागते; जुन्या पेट्यांचे सांधे अनेकदा जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या सरसाने जोडलेले असतात, आणि सरस दमटपणात मऊ पडतो व कोरड्या हवेत तडकतो. प्लायवुडचे थर सुटतात, वाळवी आतून खाते आणि वरचा रंग शाबूत राहतो. म्हणून पेटीची पहिली परीक्षा बोटाच्या पेराने ठोकून करावी लागते: जिथे नाद घट्ट आणि आखूड येतो तिथे लाकूड धड असते, जिथे पोकळ, लांबणारा नाद येतो तिथे सांधा सुटलेला असतो. सुटलेल्या फटीतला जुना सरस कोमट पाण्याने काढून, लाकूड पूर्ण वाळवून, मगच नवा गोंद भरायचा असतो. 1959 साली बाजारात आलेल्या फेविकॉलसारख्या कृत्रिम गोंदांनी हे काम सोपे केले. पण जुना सरस खाली राहिला तर नवा गोंद धरत नाही, आणि घाईत केलेल्या बहुतेक दुरुस्त्या इथेच फसतात.

मजबुतीचे काम याहून नाजूक आहे. कर्ण्याच्या बाकदार फळ्या पातळ असतात आणि मोठ्या आवाजात स्वतःच थरथरू लागतात. त्या थरथरीत खर्जाची ताकद जिरते व वर एक घरघर मिसळते. उपाय म्हणून फळीच्या मागच्या बाजूने सागाच्या पट्ट्या चिकटवतात; मात्र पट्टी बरोबर मध्यावर बसवली तर दोन्ही अर्धे एकाच स्वरावर थरथरतात, म्हणून ती मुद्दाम एका बाजूला सरकवलेली बरी. पत्र्याच्या कर्ण्याला बाहेरून डांबराचा थर देणे ही कारखान्यांचीही रीत होती, आणि अमेरिकेच्या अल्टेक कंपनीच्या अनेक खणांच्या कर्ण्यांवर तो थर दिसतो. आतल्या मार्गाला मात्र हात लावायचा नाही. गळ्याजवळ अर्ध्या इंचाची पट्टी आतून आली तरी मार्गाच्या रुंदावण्याचा हिशेब मोडतो, आणि दुरुस्त केलेली पेटी मूळच्यापेक्षा वाईट वाजते.

बाकदार फळी आणि बाहेरची भिंत यांच्यामधल्या पोकळीत भाजून कोरडी केलेली नदीची वाळू भरण्याचा आणखी एक मार्ग आहे. थरथर थांबवण्यात त्याच्याइतका प्रभावी उपाय क्वचितच सापडेल, परंतु वाळूने पेटीचे वजन इतके वाढते, की बैलगाडीतून आणि टेम्पोतून गावोगाव फिरण्यासाठी बांधलेली ती वस्तू एका खोलीत कायमची बसते. ज्यांना कर्णा पुन्हा मंडपात न्यायचा आहे त्यांनी वाळू टाळून पट्ट्यांवरच भर द्यावा, आणि सांध्यांना गोंदाबरोबर पितळी स्क्रू द्यावेत, कारण झडीच्या दिवसांत लोखंडी खिळा गंजून भोवतालचे लाकूडही कुजवतो.